काकूंची चिठ्ठी कोण काढणार?

गेल्या वर्षी तासगावच्या चुलतभावाचा फोन आला, तेव्हा तो मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभा होता. काकूंना तोंडाचा कर्करोग झाला होता. लग्न होऊन आल्यापासून त्या रोज सकाळी मिश्री लावायच्या. शस्त्रक्रिया पार पडली होती आणि आता शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू व्हायचं होतं. "दादा," तो म्हणाला, "डॉक्टर विचारतायत, आईला एका ट्रायलमध्ये घेऊ का? अठरा पानांचा कागद दिलाय. सही करू का? आणि खरं सांग, तिच्यावर प्रयोग तर करणार नाहीत ना?"

मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्तीनंतर काही वर्षं एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर, म्हणजे ट्रायलना मान्यता देणाऱ्या समितीवर, 'सामान्य नागरिक' म्हणून बसलो. रुग्णांना द्यायचे मराठी कागद वाचायचे आणि आपल्याला कळलं नाही तर तसं स्पष्ट सांगायचं, एवढंच माझं काम. भावाच्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं नाही. ते नीट द्यावं म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा गुंता

'क्लिनिकल ट्रायल'ला आपण 'वैद्यकीय चाचणी' म्हणतो. पण चाचणी म्हटलं की लोकांना रक्त-लघवीची तपासणी वाटते. 'प्रयोग' म्हटलं की पिंजऱ्यातला उंदीर डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे पहिल्या शब्दाने माणूस गाफील राहतो आणि दुसऱ्याने घाबरतो. मी इथे 'ट्रायल' हाच शब्द वापरतो, रुग्णालयात सगळे तोच वापरतात.

ट्रायल म्हणजे माणसांच्या संमतीने, आधी लिहून ठेवलेल्या पद्धतीने, एखादा उपचार खरोखर उपयोगी आणि सुरक्षित आहे का हे पाहणं. उपचार म्हणजे गोळीच असं नाही. शस्त्रक्रिया आज करायची की थांबायचं, शेक सहा आठवडे द्यायचे की चार, गावागावांत जाऊन तपासणी केल्याने मृत्यू कमी होतात का, यांच्याही ट्रायल होतात. 'आधी लिहून ठेवलेल्या' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. उत्तीर्ण व्हायला किती गुण लागतील हे परीक्षेआधी ठरतं. पेपर तपासून झाल्यावर ठरवायला लागलो तर हवा तो मुलगा पास करता येईल. म्हणून किती रुग्ण घेणार, काय मोजणार आणि किती फरक पडला तर उपचार चांगला म्हणणार, हे सगळं पहिला रुग्ण येण्यापूर्वी कागदावर असतं.

एवढ्या मोठ्या डॉक्टरांनाही माहीत नसतं?

भावाला सगळ्यात जास्त हेच खटकलं होतं. "मुंबईपर्यंत आलो ते यांना माहीत असेल म्हणून. आणि हे म्हणतात, दोन्हींपैकी कुठलं चांगलं ते आम्हाला ठाऊक नाही!"

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातलं एक उदाहरण घेऊ. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण देशभरातून येतात. गाठ लहान आहे, मानेत काहीच हाताला लागत नाही, अशा रुग्णाची तोंडातली गाठ तर काढायचीच. पण मानेतल्या लसिकाग्रंथी, ज्यांना आपण अवधाणाच्या गाठी म्हणतो, त्याही त्याच वेळी काढायच्या का? कर्करोग पसरतो तो बहुतेक वेळा तिथूनच. काही शल्यचिकित्सक म्हणत, काढून टाका, नंतर पस्तावण्यापेक्षा बरं. दुसरे म्हणत, बहुतेकांच्या मानेत काही निघतच नाही. मग एवढी मोठी चीर आणि खांदा आखडण्याचा धोका सगळ्यांच्या माथी का मारायचा? लक्ष ठेवू आणि गाठ आली तर तेव्हा काढू. दोन्ही बाजूंना निष्णात, अनुभवी माणसं होती आणि हा वाद कित्येक दशकं चालला होता.

डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ट्रायल सुरू केली. २०१५ मध्ये पहिल्या ५०० रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मानेच्या गाठी सुरुवातीलाच काढल्या होत्या, त्यांच्यातले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. म्हणजे अशा दर आठ रुग्णांच्या मानेची शस्त्रक्रिया सुरुवातीलाच केली, तर एकाचा जीव वाचतो. फरक इतका ठळक होता की ठरलेली रुग्णसंख्या पुरी व्हायच्या आतच ट्रायल थांबवली. आज जगभर अशा रुग्णांवर उपचार करताना हा निकाल समोर असतो.

मग २००४ च्या आधी 'वाट पाहू' म्हणणारे डॉक्टर वाईट होते का? नाही. त्यांना माहीत नव्हतं, आणि काढा म्हणणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. ते फक्त बरोबर निघाले. जाणकार माणसांतच प्रामाणिक मतभेद असतील आणि कुठला उपचार सरस हे खरोखर कुणालाच ठाऊक नसेल, तेव्हाच ट्रायल न्याय्य ठरते. एक उपचार वाईट आहे हे माहीत असताना तो कुणाला देऊन पाहणं हा गुन्हा आहे. त्यामुळे 'आम्हाला माहीत नाही' असं म्हणणाऱ्या डॉक्टरवरचा माझा विश्वास वाढतो.

चिठ्ठी कशासाठी?

कुणाला कुठला उपचार द्यायचा हे ट्रायलमध्ये चिठ्ठी टाकून ठरतं. आता ती चिठ्ठी संगणक काढतो. मराठी कागदांत यासाठी 'यादृच्छिक विभागणी' असे शब्द असतात. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, पण 'यादृच्छिक' हा शब्द वर्गाबाहेर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. समितीत मी प्रत्येक वेळी तो खोडून 'चिठ्ठी टाकून' असं लिहायला लावायचो.

पण जिवाच्या प्रश्नात चिठ्ठी कशाला? डॉक्टरांनीच रुग्ण पाहून ठरवावं की.

भावाची द्राक्षबाग आहे, म्हणून त्याला बागेतूनच सांगितलं. समज, वेलीवरच्या डावणी रोगावर नवं औषध आलंय. तू ते विहिरीजवळच्या चांगल्या प्लॉटवर फवारलंस आणि वरच्या मुरमाड प्लॉटवर जुनंच ठेवलंस. खालचा माल चांगला निघाला. श्रेय कुणाचं? औषधाचं, पाण्याचं की मातीचं? तो लगेच म्हणाला, "तसं नाही कळायचं. एक ओळ हे, एक ओळ ते, असं करायला पाहिजे." बरोबर. पण ओळी निवडणाराही माणूसच. कडेच्या ओळी नकळत जुन्या औषधाला जातील. म्हणून ओळीसुद्धा चिठ्ठीने निवडायच्या. ही पद्धत मुळात शेतातूनच आली. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ती बसवली आणि नंतर ती दवाखान्यात पोचली.

डॉक्टरही माणूसच असतो. नव्या उपचारावर त्याचा विश्वास असला, तर जरा धट्टाकट्टा, सोसू शकेल असा रुग्ण तो नकळत त्याच्यासाठी निवडतो. मग निकाल चांगला आला, तर तो औषधाचा की मुळातल्या ताकदीचा? चिठ्ठी टाकली की तरुण-म्हातारे, मधुमेह असलेले-नसलेले, गरीब-श्रीमंत सगळे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. आपल्याला माहीतही नसलेले फरक तेवढेच सारखे वाटले जातात. आणि ते फक्त चिठ्ठीलाच जमतं.

मुंबईचीच एक जुनी गोष्ट आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस घेतलेल्यांत आजार पुष्कळच कमी दिसला. पण इथे दोन प्रश्न उरतात. जे स्वतःहून पुढे आले, ते मागे राहिलेल्यांपेक्षा मुळातच सुदृढ असतील तर? आणि कोठडीतल्या माणसाच्या 'हो'ला खुशीने दिलेला होकार म्हणायचं का? पहिला प्रश्न हाफकिन यांनाही पडला असावा. पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात त्यांनी प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली, म्हणजे घर, अन्न, उंदीर सगळं तेच आणि फरक फक्त लशीचा. दुसऱ्या प्रश्नाकडे जगाने गांभीर्याने बघायला आणखी पन्नास वर्षं लागली.

चिठ्ठीवाचून काय होतं हे आपण अगदी अलीकडे अनुभवलं आहे. करोनाच्या काळात फोनवर एकच संदेश फिरत होता: 'प्लाझ्मा हवा, अमुक रक्तगट, तातडीने.' बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणूशी लढणारे घटक असतात, ते आजारी माणसाला दिले की तो बरा होईल. तर्क सरळ होता. प्लाझ्मा दिलेले अनेक रुग्ण बरेही होत होते, पण न दिलेलेही होत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांची ट्रायल केली. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के. म्हणजे फायदा शून्य. तरीही मे २०२१ पर्यंत प्लाझ्मा सरकारी उपचार-सूचीतून निघाला नाही. तोवर किती घरांनी रात्री-अपरात्री दाते शोधत धावपळ केली, हे आठवलं की मला आजही कळवळा येतो.

मला खोटं औषध मिळालं तर?

ही भीती सगळ्यांनाच वाटते. काही ट्रायलमध्ये एका गटाला औषध नसलेली, पण हुबेहूब तशीच दिसणारी गोळी देतात. कारण 'आपल्याला औषध मिळालंय' एवढ्या समजुतीनेही माणसाला बरं वाटतं. सर्दी, डोकेदुखी, गुडघेदुखी अशा आजारांत हा परिणाम चांगलाच मोठा असतो.

पण ज्या आजारावर चांगला उपचार आधीपासून आहे, तिथे रुग्णाला नुसत्या खडीसाखरेवर ठेवता येत नाही. कर्करोगाच्या ट्रायलमध्ये साधारणपणे एका गटाला आजवरचा सर्वोत्तम रुळलेला उपचार मिळतो आणि दुसऱ्याला नवा उपचार, किंवा जुना अधिक नवा. काकूंच्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना शेक मिळणारच होते. एका गटाला नेहमीप्रमाणे सहा आठवडे, दुसऱ्याला रोजची मात्रा थोडी वाढवून कमी आठवड्यांत. परगावाहून येऊन मुंबईत खोली शोधणाऱ्या माणसाला त्या वाचलेल्या आठवड्यांची किंमत चांगली ठाऊक असते. प्रश्न एवढाच होता, की लवकर संपवताना परिणाम तेवढाच राहतो का आणि त्रास वाढतो का.

पायऱ्या

नव्या औषधाला साधारण चार पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या पायरीवर मोजकी माणसं असतात आणि अंगाला किती सोसतं एवढंच पाहतात. दुसरीवर काही डझन ते काहीशे रुग्ण असतात आणि उपयोगाची चिन्हं दिसतात का ते बघतात. तिसरीवर शेकडो-हजारो रुग्ण, चिठ्ठी आणि जुन्या उपचाराशी थेट तुलना. औषध बाजारात आल्यावर चौथी पायरी, कारण हजारांत एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम लाखो लोकांनी औषध घेतल्यावरच दिसतो.

तुम्हाला विचारलं तर पहिला प्रश्न हाच करा, की ही कितवी पायरी आहे. पहिल्या पायरीवरचा धोका आणि तिसऱ्या पायरीवरचा धोका यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

चिठ्ठी प्रत्येक ठिकाणी असतेच असंही नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेली सीएआर-टी पेशींची उपचारपद्धती हे त्याचं उदाहरण. रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडतात. पहिल्या ट्रायल खारघरच्या केंद्रात झाल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. बाकी सगळे उपाय थकलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर हा उपचार होता. त्यांच्यासमोर दुसरा चांगला पर्यायच नव्हता, मग तुलना कशाशी करणार?

ज्यात कुणालाच नफा नाही, ते प्रश्न

"हे सगळं औषध कंपन्यांसाठीच असतं" असं अनेकजण म्हणतात. बऱ्याच ट्रायलमागे कंपन्या असतात, हे खरं आहे. कंपनी स्वतःच्याच औषधाची परीक्षा घेते, म्हणून तिच्या निकालाकडे बारकाईने बघितलंच पाहिजे. पण मोठ्या सरकारी रुग्णालयांचं खरं मोल मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं.

दात काढताना जबडा बधिर करायला डॉक्टर जे इंजेक्शन देतात, ते लिग्नोकेन. जुनं, स्वस्त, कुणाचीही मक्तेदारी नसलेलं औषध. टाटा मेमोरियलमधल्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांना प्रश्न पडला: स्तनाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती हे इंजेक्शन दिलं, तर शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ हाताळताना पेशी सुटून पसरणं कमी होईल का? भारतातल्या ११ रुग्णालयांत १६०० स्त्रियांची ट्रायल झाली. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. दर शंभरात जवळजवळ चार जीव, आणि तेही गावातल्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीने! हा प्रश्न कुठली कंपनी विचारेल? तिच्या पदरात काय पडणार?

तसंच एक महागडं प्रतिकारशक्तीचं औषध आहे, निव्होलुमॅब. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम. भारतातल्या अगदी थोड्या रुग्णांना ती परवडते. टाटाच्या डॉक्टरांनी विचारलं, फक्त २० मिलिग्रॅम दिलं तर? तोंड-घशाचा कर्करोग फार पुढे गेलेल्या १५१ रुग्णांची ट्रायल झाली. तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांबरोबर ही छोटी मात्रा मिळालेल्या गटात वर्षभरानंतर ४३.४ टक्के हयात होते. नुसत्या गोळ्यांवरच्या गटात १६.३ टक्के. औषध कमी खपावं यासाठी कंपनी पैसे घालणार नाही. हा प्रश्न विचारायला गरिबांची रांग रोज पाहणारं रुग्णालयच लागतं.

'उपयोग नाही' हेही उत्तर असतं

स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला असताना मूळ गाठ काढली तर आयुष्य वाढेल का? मन म्हणतं, वाढेलच. मूळच उपटलं की! टाटा मेमोरियलमध्ये ३५० स्त्रियांची चिठ्ठी टाकून ट्रायल झाली आणि २०१५ मध्ये निकाल आला. शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांचं आयुष्य जवळजवळ सारखंच निघालं, १९ ते २० महिने. वर्तमानपत्रात अशी बातमी फारशी येत नाही. पण या उत्तरामुळे कितीतरी बायकांची एक मोठी शस्त्रक्रिया, तिची जखम, तिचा खर्च आणि हातात असलेल्या थोडक्या दिवसांतले रुग्णालयातले दिवस वाचले.

मग ट्रायल गरिबांवरच का?

हा सगळ्यात टोकदार आक्षेप आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही. पण दुसरं जे समोर आलं ते संतापजनक होतं. आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या कागदांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये अभ्यास थांबवावा लागला आणि संसदीय समितीने नंतर कडक शब्दांत ठपका ठेवला. लस चांगलीच आहे. पण चांगल्या लशीसाठीसुद्धा बापाच्या जागी अधीक्षकाची सही चालत नाही.

मुंबईतही एक अवघड उदाहरण आहे. १९९८ पासून टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून डाग दिसतो का ते बघत. इतक्या साध्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आज गावातल्या आरोग्य केंद्रात ही तपासणी होते, तिच्यामागे हाही पुरावा आहे. पण तुलनेच्या गटातल्या, म्हणजे एकूण निम्म्या, स्त्रियांना त्या काळात तपासणी न करता फक्त माहिती दिली गेली. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं, तेव्हा देशात अशी तपासणी सरसकट होत नव्हती, त्यामुळे कुणाकडून काही काढून घेतलं नाही. टीकाकारांचं म्हणणं, दुसरी तपासणी जगात उपलब्ध होती, ती का दिली नाही? मी दोन्ही बाजू अनेकदा वाचल्या. या अभ्यासाने पुढे वाचलेले जीव मला दिसतात, आणि त्या निम्म्या स्त्रियांचा प्रश्नही सुटत नाही. निकाल हाती येताच त्यांना तपासणी देऊ केली गेली, एवढं खरं.

आणि तिसरं उदाहरण मद्रासचं. पूर्वी क्षय झाला की मिरजेसारख्या ठिकाणी सॅनिटोरियममध्ये महिनोन्‌महिने राहावं लागायचं. घर मोडायचं, नोकरी जायची. १९५६ पासून मद्रासमध्ये चिठ्ठी टाकून तुलना झाली: निम्मे रुग्ण सॅनिटोरियममध्ये, निम्मे आपल्या दाटीवाटीच्या घरात औषधं घेत. १९५९ मध्ये उत्तर आलं. घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि घरातल्या इतरांना लागण काही जास्त झाली नाही. ही ट्रायल गरिबांवरच झाली, पण प्रश्नही गरिबांचाच होता आणि उत्तराचा फायदाही त्यांनाच मिळाला. मला तरी कसोटी हीच वाटते. ज्यांच्या अंगावर धोका, त्यांनाच फायदा मिळणार असेल तर ठीक. दुसऱ्या देशातल्या श्रीमंतांसाठीचं औषध इथल्या गरिबांवर फक्त स्वस्त पडतं म्हणून तपासायचं असेल, तर नाही.

लक्ष कोण ठेवतं?

ट्रायलमधल्या गैरप्रकारांबद्दल इंदूरसह अनेक ठिकाणांहून आलेल्या तक्रारींनंतर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला फटकारलं आणि नियम कडक होत गेले. आज २०१९ चे नियम लागू आहेत. प्रत्येक ट्रायलला नीतिसमितीची मान्यता लागते. समितीत किमान सात सदस्य, अध्यक्ष बाहेरचा, निम्मे तरी सदस्य त्या संस्थेबाहेरचे, कायद्याचा जाणकार हवाच, स्त्री सदस्य हवीच, आणि माझ्यासारखा एक डॉक्टर नसलेला माणूस हवाच. काही गंभीर घडलं तर २४ तासांत कळवायचं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, आणि अपंगत्व किंवा मृत्यू आला तर त्यावर भरपाई. नवं रसायन असेल आणि रुग्ण दुर्बल गटातला असेल, तर संमती घेतानाचं चित्रीकरण करावं लागतं. जून २००९ पासून ट्रायलची नोंद सरकारी नोंदणीपटावर आधीच करावी लागते. तो पट इंटरनेटवर सर्वांना खुला आहे.

कागदावर हे सगळं चोख आहे. पण समितीच्या टेबलाशी बसून मला एक गोष्ट कळली, की सगळं शेवटी त्या संमतीच्या अठरा पानांवर येऊन ठरतं. एकदा आमच्याकडे आलेल्या एका कागदात वाक्य होतं: 'सहभागी व्यक्तीस प्रतिकूल घटनांचा अनुभव येऊ शकतो.' मी विचारलं, म्हणजे काय होईल? डॉक्टर म्हणाले, उलट्या, तोंड येणं, क्वचित पांढऱ्या पेशी कमी होऊन ताप. मी म्हटलं, मग तसंच लिहा ना! त्यांनी लिहिलं. इतकं सोपं होतं ते.

काकूंचे प्रश्न

मी भावाला म्हटलं, तू सही करायची नाहीस. काकू शुद्धीवर आहेत, धड आहेत, त्यांना वाचता येतं. सही त्यांची. कागद रात्री घरी न्यायचा. तो हक्कच आहे.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. काकूंनी पदराला बांधलेला कागद सोडला. त्यावर पेन्सिलीने चार प्रश्न होते. मी नाही म्हटलं तर माझे उपचार थांबतील का? मध्येच नको वाटलं तर सोडता येईल का? जास्तीच्या तपासण्यांचा खर्च कुणाचा? आणि याने मला फायदा होईल का?

तरुण डॉक्टरीण खुर्ची ओढून समोर बसली. पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो, कारणही द्यायला नको. तिसऱ्याला, तो आमचा. चौथ्याला ती जरा थांबली. म्हणाली, "ते मला खरंच सांगता येणार नाही, आजी. म्हणूनच करतोय. तुमच्यानंतर येणाऱ्यांना नक्की होईल."

"आणि माझी चिठ्ठी कोण काढणार? तुम्ही?"

"मी नाही. कॉम्प्युटर. मला आधी कळतसुद्धा नाही."

"म्हणजे वशिला चालत नाही," काकू म्हणाल्या, आणि पेन मागितलं.

चिठ्ठी निघाली ती जुन्या पद्धतीची, सहा आठवड्यांची. भावाचा चेहरा पडला. काकूंनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत सहा आठवडे काढले. रोज ठरल्या वेळी शेकाला जायच्या, आणि परत आल्यावर तोंडाला किती फोड आले, काय गिळता आलं, हे ट्रायलच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायच्या. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. वही त्यांनी तासगावला देवघरातल्या फडताळात ठेवली आहे.